मेत्रे बाईंच्या पावसाळी सहली

मुलांना पावसाच्या दिवशी संग्रहालय दाखवायला नेणं हा शिकल्यासवरल्या, संस्कृतीची आवड असलेल्या माणसांचा छंद असतो, असं मी ऐकून होतो. मेत्रे बाईंना तसला काही छंद नव्हता. त्यांच्या शाळेचं छत गळायचं.

मी ज्या संग्रहालयात अटेंडर होतो, ते बीदर जिल्ह्यात, मन्नाएखेळ्ळीच्या हायवेपासून आत, बसवकल्याणच्या अंगाला लागणाऱ्या एका गावात आहे. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तरी बघायला कुणी यायचं नाही. रस्ता रुंद करताना टेकाडाच्या पोटातून जुन्या मूर्ती निघाल्या, म्हणून सरकारनं तिथंच दोन खोल्या बांधून त्यात त्या मांडल्या. एकूण तेवीस दगड. नागोबा, वीरगळ, दोन शिलालेख, मुंडकं नसलेली एक मूर्ती आणि तोफेचा एक गोळा. हा गोळा कुठून आला ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण गोल होता, म्हणून ठेवला होता. वर पक्का स्लॅब. दर उन्हाळ्यात इंजिनियर येऊन स्लॅबला कुठं चीर गेली का ते बघून जायचे. शेकडो वर्षं मातीत भिजलेल्या मूर्तींना आता थेंबसुद्धा लागू द्यायचा नाही, असं सरकारच्या मनानं घेतलं होतं.

संग्रहालयासमोरचा ओढा ओलांडला की मराठी शाळा. तिच्यावर लोखंडी रुळांवर टाकलेल्या शहाबादी फरशीचं छत. त्या छताचं टेंडर मी नोकरीला लागलो तेव्हा ‘निघायलंय’ असं ऐकलं होतं. माझी रिटायर व्हायची वेळ आली, तरी ते... पण ते पुढं सांगतो.

बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा झड लागून दोन दिवस झाले होते. मी स्टुलावर बसून डुलक्या घेत होतो. अटेंडरच्या कामात हेच मुख्य असतं. डोळा उघडला तर दारात गोणपाटाच्या खोळी घेतलेली चाळीसएक पोरं आणि त्यांच्यापुढं एक उंच, हडकुळी बाई. हातात छत्री, पण मिटलेली. बाई नखशिखान्त भिजलेल्या. पुढं मी एकदा विचारलं, छत्री उघडत का नाही म्हणून. तर म्हणाल्या, “चाळीस जणं मावत असती तर उघडली असती.” त्या छत्रीची एक काडी बाहेर आलेली होती. तिनं त्या पोरांना वस्तू दाखवायच्या आणि कधी कधी मलाही ढोसायच्या.

“परवानगीचं पत्र?” मी विचारलं.

“कसलं?”

“गटानं यायचं असलं तर शाळेचं पत्र लागतंय. हेडमास्तरच्या शिक्क्याचं.”

बाईंनी माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. “ह्या मूर्त्या आत आल्या तव्हा पत्र आणल्या होत्या का?”

“त्या रस्त्यात निघाल्या, बाई.”

“हीबी रस्त्यातच हायत.”

मी बाजूला झालो. बाईंनी पोरांना व्हरांड्यात थांबवलं, एकेकाला सदरा पिळायला लावला, चपला ओळीनं मांडून घेतल्या आणि आत सोडण्याआधी भाषण केलं. तेवढंच एक भाषण मी त्यांच्या तोंडून ऐकलं. “देवाच्या अंगावर पाणी उडवायचं न्हाई. त्यांना सर्दी झाली तर बेंगळूरहून साहेब येतेत. तुमाला झाली तर कुणी येत न्हाई.”

मग हजेरी. बाई हजेरी नावानं घेत नसत. प्रत्येकाला एकच प्रश्न: “आज काय खाल्लास?” कुणी म्हणायचं भाकर-चटणी, कुणी भात, कुणी रात्रीचं कालवण. जे पोरगं नुसतं “च्या” म्हणायचं, त्याला बाई छत्रीनं बाजूला काढायच्या. “च्यावाले तिकडं. तुमची चौकशी करायचीय.” ही चौकशी मोठ्या शिलालेखाच्या मागं चालायची. बाईंच्या पिशवीत ज्वारीच्या कडक भाकरी आणि शेंगाची चटणी असायची. शिलालेखाआडून कडाकडा मोडल्याचा आवाज येऊ लागला तसा मी उठलो आणि भिंतीवरच्या पाटीकडं बोट दाखवलं. खाण्याचे पदार्थ आत आणू नयेत, असं तिच्यावर कन्नडमध्ये ठळक लिहिलं होतं.

“पोरांना कन्नड अजून नीट वाचायला येत न्हाई, अण्णा,” बाई म्हणाल्या.

“तुमाला येतंय की.”

“मी कुठं खायलेय?”

हे खरंच होतं. बाईंना मी कधी खाताना पाहिलं नाही. घरी कोण कोण असतं, हेही आम्हाला कधी कळलं नाही. विचारलं तर “चाळीस जणं” म्हणायच्या, आणि विचारणारा पुन्हा विचारायचा नाही.

त्या दिवसापासून पाऊस आला की बाई आल्या, असा नेम पडला. समोर खाजाभाईंचं चहाचं खोपटं होतं. ओढ्यावरून पोरांची रांग दिसली की ते ओरडायचे, “क्या टीचरम्मा, आज बी पूरी पलटन लेको आए?” बाई नुसत्या “हौ” म्हणायच्या. त्यांचं मराठी पोरांशी, दखनी खाजाभाईंशी आणि कन्नड सरकारशी. तिन्ही भाषांत कमीत कमी शब्द खर्चायचे, असा त्यांचा हिशेब होता.

माझाही एक फायदा झाला, तो लपवत नाही. किती लोक संग्रहालय बघायला आले हे मला दर महिन्याला वर कळवावं लागायचं. एरवी मी सगळा उन्हाळा ‘निरंक’ लिहून पाठवायचो. बाई यायला लागल्यापासून रजिस्टर भरू लागलं. मी प्रत्येक वेळी तारीख टाकून ‘मराठी शाळा, मुले चाळीस, शिक्षिका एक’ असं टपोऱ्या अक्षरात नोंदवायचो. ग्रामीण भागात वारशाबद्दल जागृती केल्याबद्दल मला वरून शाबासकीचं पत्र आलं. ते मी फ्रेम करून घरी लावलं. जागृती अशी होत असते.

आता बाई आत काय शिकवायच्या? खरं सांगायचं तर काहीच नाही. पाट्या वाचून दाखवणं नाही, राजांची नावं नाहीत. प्रत्येक पोराला एक दगड वाटून द्यायचा, पुरले नाहीत तिथं दोघांत एक. “हा तुझा. दुपारपर्यंत ह्याच्याकडं बघ.” पोरं पाच मिनिटांत परत यायची. बाई विचारायच्या, “बघून झालं?” “व्हय, बाई.” “बरं. मग आता बघ.”

मल्लू नावाचं एक वांड पोरगं होतं. त्याला बाईंनी मुंडकं नसलेली मूर्ती दिली. तो रडवेला झाला. “मलाच कामून मोडकी?” बाई म्हणाल्या, “तिला डोकं न्हाई, तुला हाय. दोघं मिळून बघा.” मल्लूनं ते इतकं मनावर घेतलं, की पुढं दुसऱ्या कुणाला त्या मूर्तीजवळ बसू देईना. नवं पोरगं जवळ आलं की अंगावर जायचा.

रेणुका नावाची मुलगी होती, चौथीत. तिचा बाप दुसऱ्याची मेंढरं राखायचा. तिच्या वाट्याला वीरगळ आला होता. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या माणसाच्या आठवणीचा दगड. खाली झुंज कोरलेली, वर स्वर्ग. त्याच्या पाटीवर ‘युद्धप्रसंग’ लिहिलेलं होतं. एकदा पाऊस चालू असताना शहरातून एक संशोधक साहेब आले. त्यांनी टॉर्च लावला, टेप लावून दगडाची उंची घेतली आणि आपल्या माणसाला सांगू लागले, बघा, दोन सैन्यं कशी भिडलीत. शेजारी गुडघे पोटाशी घेऊन बसलेली रेणुका म्हणाली, “सैन्य न्हाई ते. जनावरं चोरायलेत.”

साहेब कौतुकानं वाकले. “असं? कशावरून?”

“गाया मागं बघत पळायलेत. आपल्या मालकासंगं चालल्या असत्या तर पुढं बघितल्या असत्या. चोर हाकत असला की जनावर मागं बघतंय. मालक तिकडं राहिलाय न्हवं.”

साहेबांनी पुन्हा टॉर्च लावला. एकेक गाय नीट बघितली. मग वहीत बरंच काही लिहिलं, रेणुकाला एक चॉकलेट दिलं आणि गेले. चार-सहा महिन्यांनी नवी पाटी आली. गाईंच्या रक्षणासाठी झालेली झुंज, असा तिच्यावर खुलासा होता, आणि हा शोध कुणाचा, तर साहेबांचा. मोठी, सुंदर पाटी होती. बाईंनी ती कन्नडमधून रेणुकाला वाचून दाखवली.

“आन् माझं नाव?” रेणुका म्हणाली.

“जागा पुरली न्हाई म्हणे.”

“मग पाटी मोठी करायची की.”

“त्याचं टेंडर निघावं लागतंय,” बाई म्हणाल्या. त्यांनी पिशवीतला खडू काढला, इकडंतिकडं पाहिलं, आणि दगडाच्या चौथऱ्याला, भिंतीकडच्या बाजूला, बारीक अक्षरात ‘रेणुका, चौथी’ लिहिलं. मी खिडकीतून बाहेर पाऊस बघत होतो. अटेंडरला बाहेरही लक्ष ठेवावं लागतं.

वर्षातून एकदा बाई पोरांना एसटीनं बीदरला न्यायच्या. तेही पावसातच, कारण उघडीप असली की पोरांना वर्गात बसवून सिलॅबस पुरा करावा लागे. एका वर्षी मला म्हणाल्या, “अण्णा, तुमीबी चला. एवढी वर्षं संग्रहालयात बसलाव, एकदा एखादं बघा तरी.” मी रजा काढून गेलो.

बीदरात त्यांनी पहिल्यांदा बिदरीची काळी भांडी घडवणाऱ्या कारागिराकडं नेलं. म्हातारा कारागीर ओट्यावर बसून चांदीची तार बसवत होता. भांडं एवढं काळंभोर कशानं होतं, असं पोरांनी विचारलं. म्हातारा म्हणाला, “किले की मिट्टी है, बेटे. जिस मिट्टी पे न धूप पड़ी न बारिश, वोइच रंग पकड़ती.” पोरं गप्प झाली. एवढी गप्प झाल्यावर मला शंका यायला हवी होती.

तिथून किल्ल्यात गेलो. पाऊस कोसळत होता. परत निघताना दरवाजाजवळच्या पहारेकऱ्याला मल्लूच्या खिशातून लाल ओघळ येताना दिसला. रक्त समजून बिचारा धावत आला. बघतो तर माती. मग दुसऱ्याचा खिसा, तिसऱ्याचा. भिंतीच्या कोनाड्यांतून, कमानींच्या खालून, जिथं जिथं ऊन-पाऊस पोचला नसेल असं वाटलं तिथून, चाळीस पोरांनी किल्ला खिशात भरून घेतला होता.

“किल्ल्याची माती सरकारी मालमत्ता आहे!” पहारेकरी ओरडला. “सगळ्यांनी खिसे उलटे करा!”

बाईंनी कुणाची बाजू घेतली नाही. “बरोबर हाय. खिसे उलटे करा रे,” म्हणाल्या. माती पडली. मग म्हणाल्या, “आता पायाला लागलेलीबी सरकारचीच हाय. ती कशी नेता? ओळीनं उभे राव्हा. एकेक पाय वर करा. साहेब काढून घेतेत.”

धो धो पावसात चाळीस पोरं एका पायावर उभी राहिली. पहारेकऱ्यानं एकदा त्या रांगेकडं पाहिलं, एकदा बाईंकडं पाहिलं आणि आपल्या चौकीत जाऊन दार लावून घेतलं. तरीही कुणीतरी तोंडात धरून थोडी माती आणलीच. आठवडाभर पोरं कंपासपेट्यांना ती चोळत होती. कंपासपेट्या काही काळ्या झाल्या नाहीत. युनिफॉर्म झाले.

शाळेचे हेडमास्तर या सहलींवर नाराज असायचे. तसे ते सज्जन होते. त्यांचं एकच म्हणणं असे, “बाई, नियम असतो.” छत गळतं म्हणून त्यांनी वर चौदा अर्ज पाठवले होते आणि चौदाही अर्जांच्या पोचपावत्या एका पिशवीत जपून ठेवल्या होत्या. ती पिशवी प्लास्टिकची होती, त्यामुळं पावत्या भिजल्या नाहीत. शाळा भिजायची.

मग ती झड आली. चौथा दिवस. हेडमास्तर तालुक्याला मीटिंगला गेले होते. जाताना बजावून गेले, की शाळा सोडायची नाही, बाहेर न्यायचं नाही, तपासणी होऊ शकते, पोरांना कोरड्या कोपऱ्यात बसवा. बाईंनी पोरांना कोरड्या कोपऱ्यात बसवलं. पण त्यांनी नंतर मला सांगितलं ते असं: रोजचं गळणारं पाणी स्वच्छ असायचं. त्या दिवशी त्यात माती यायला लागली. फरशीच्या सांध्यातली माती सुटायला लागली म्हणजे फरशीला धरून ठेवायला काही उरलं नाही. बाई दोन मिनिटं त्या थेंबांकडं बघत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “दप्तरं ऱ्हाऊ द्या. चला.”

ओढ्याला पाणी चढलं होतं. मोठ्या पोरांनी हाताला हात धरून साखळी केली आणि बारकी त्यांच्या आतून निघाली. ती माझ्या व्हरांड्यात पोचून सदरे पिळत होती, तेवढ्यात धाडकन् आवाज झाला. पोरांना वाटलं वीज पडली. खाजाभाई चहाचं पातेलं तसंच टाकून धावत आले. “टीचरम्मा! छत गया! पूरा गया!”

बाई वळून शाळेकडं बघायला गेल्या नाहीत. त्यांनी हजेरी सुरू केली. “आज काय खाल्लास? तू? तू?” आवाज रोजचाच होता. या वेळी मात्र प्रत्येकाला छत्रीनं शिवून पुढं जात होत्या. शेवटचं पोरगं झालं. एकोणचाळीस. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा एकोणचाळीस.

“मल्लू कुठंय?”

कुणालाच माहीत नव्हतं. ओढ्यापर्यंत होता, एवढं सगळ्यांना आठवत होतं. कुणी म्हणालं, त्याची चप्पल राहिली होती वर्गात. खाजाभाई पावसात शाळेकडं पळाले. मीही उठलो. बाई आत गेल्या. एकेका दगडामागं वाकून बघत गेल्या. मुंडकं नसलेल्या मूर्तीच्या मागं, भिंत आणि चौथरा यांच्यामधल्या फटीत, मल्लू झोपला होता. सदरा न पिळताच आत शिरला होता.

बाईंनी त्याला छत्रीनं ढोसलं. “काय खाल्लास आज?”

“काहीच न्हाई,” मल्लू डोळे चोळत म्हणाला.

“चाळीस,” बाई म्हणाल्या, आणि माझ्या स्टुलावर बसल्या. इतक्या वर्षांत त्या बसलेल्या मी तेव्हाच पाहिल्या. पिशवीतली भाकरी काढून त्याला द्यायलासुद्धा त्यांना जमेना. ती रेणुकानं दिली.

दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली. ‘हेडमास्तरांच्या सतर्कतेमुळे चाळीस विद्यार्थी बचावले.’ फोटोत हेडमास्तर पडलेल्या फरशीवर सतर्क उभे होते. पुढच्या आठवड्यात त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. ते शाल घेताना खाली मान घालून होते, एवढं त्यांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. आणि त्याच आठवड्यात बाईंना नोटीस आली. शाळेच्या वेळेत, विनापरवानगी, विद्यार्थ्यांना पूर आलेल्या ओढ्यातून शाळेबाहेर का नेलं, याचा खुलासा करावा.

बाईंनी खुलासा केला. कोऱ्या कागदावर, शुद्ध कन्नडमध्ये, एका ओळीत: ‘पाऊस येत होता.’

“एवढंच?” मी म्हणालो.

“लांब लिहिलं तर साहेबांना वाचावं लागतंय.”

मग माझी पाळी आली. तालुक्याहून चौकशीला माणूस आला आणि म्हणाला, तुम्ही साक्षीदार आहात, काय बघितलं ते लिहून द्या. मला वाटलं, बाईंसाठी काही करायची हीच वेळ. मी चांगली तीन पानं लिहिली. बाई किती वर्षांपासून, किती मायेनं, दर पावसात पोरांना इकडं आणतात ते सगळं लिहिलं. पुरावा म्हणून रजिस्टरही दिलं, तारखा टाकलेलं, टपोऱ्या अक्षरातलं. तो माणूस खूश झाला. इतका खूश, की मला चहा पाजून गेला.

अहवालात माझं नाव होतं. शिक्षिकेनं हा नियमभंग एकदा नव्हे, तर अनेक वर्षं सवयीनं केल्याचं संग्रहालयाच्या रजिस्टरवरून सिद्ध होतं, असं त्यात लिहिलं होतं.

ते वाचून मी बाईंकडं गेलो. कागद त्यांच्यापुढं धरला. बाईंनीच सुटका केली. “खरंच लिहिलंव की. खोटं लिहिलं असतं तर मी वाचले असते, पण तुमाला तेवढी अक्कल कुठं?” हे त्या इतक्या साध्या आवाजात म्हणाल्या, की माफी झाली की शिवी, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

तसं बघितलं तर बाई सुटूही शकल्या असत्या. सुनावणीला मीही बरोबर गेलो होतो. साहेब तरुण होते, वाईट नव्हते. ते म्हणाले, “मेत्रे टीचर, इथून पुढं परवानगीशिवाय मुलांना बाहेर नेणार नाही असं लिहून द्या. मी फाईल बंद करतो. तुमच्या नोकरीची चारच वर्षं राहिलीत.”

बाईंनी पेन घेतलं. कागद ओढला. मला हायसं वाटलं. मग त्यांनी मान वर केली.

“लिहून देते, साहेब. पण परवानगीचा अर्ज किती दिस आधी करायचा?”

“आठ दिवस.”

“म्हंजी छत पडायच्या आठ दिस आधी. बरं. मग आता पुढलं छत कव्हा पडणार हाय, तेवढी तारीख सांगा. अर्ज आजच करते.”

साहेबांनी पेन परत घेतलं. बाईंची बदली औरादच्या पलीकडं, तेलंगणाच्या हद्दीला लागून असलेल्या एका गावात झाली. ऑर्डरवर कारण लिहिलं होतं: प्रशासकीय सोय.

शाळेचं काय झालं, तेही सांगतो. छत पडल्यावर टेंडर निघालं. त्यासाठी छताला पडावं लागत होतं एवढंच. पण नवी इमारत होईपर्यंत पोरांनी बसायचं कुठं? वर बरीच पत्रापत्री झाली, आणि एके दिवशी मला शिक्क्यानिशी आदेश आला, की मराठी शाळेचे वर्ग तात्पुरते संग्रहालयाच्या मोठ्या खोलीत भरवण्यास परवानगी देण्यात येत आहे. नवे मास्तर आले. कडक, वेळेचे पक्के. त्यांनी समोरच्या भिंतीला फळा टांगला. पोरं मूर्तींकडं पाठ करून बसू लागली. मल्लू मागं वळून बघायचा, तर त्याच्या कानशिलात बसायची. सगळं नियमात होतं.

बाईंबद्दल अधूनमधून कानावर येतं. औरादकडं जाणारा एक कंडक्टर ओळखीचा आहे. तो सांगतो, तिथली शाळा पक्की आहे, नवीन आहे, थेंब गळत नाही. तरी पाऊस आला की एक म्हातारी टीचर पोरांचा घोळका घेऊन रस्त्याला लागते आणि बस थांबवते. “कुठं नेते?” मी विचारलं. म्हणाला, “काय की. जिथं नेईल तिथं. तिकिटावरून भांडते मात्र लई.”

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते हायवेवर, मन्नाएखेळ्ळीच्या फाट्याला. बदलीच्या गावी हजर व्हायचा दिवस. शाळेनं निरोपसमारंभ ठेवला नव्हता आणि ठेवला असता तर बाई आल्या नसत्या, त्यामुळं दोन्ही बाजूंची सोय झाली. मी त्यांची ट्रंक घेऊन फाट्यापर्यंत गेलो होतो. भुरभुर चालू होती. वाटेत बोलायचं बरंच ठरवलं होतं. बस आली, मी ट्रंक चढवली, आणि बोलायचं राहून गेलं. बाईंना खिडकीची जागा मिळाली. शेजारी एक बाई होती, तिच्या मांडीवर दीड-दोन वर्षांचं पोरगं भोकाड पसरून रडत होतं. काचेला आतून वाफ धरली होती. बस सुटेपर्यंत मी हात वर करून उभा राहिलो, पण मेत्रे बाईंचं माझ्याकडं लक्षच नव्हतं. त्यांनी त्या पोराला स्वतःच्या मांडीवर ओढून घेतलं आणि काचेच्या वाफेवर बोटानं काहीतरी काढायला सुरुवात केली. काय ते मला बाहेरून ओळखू येईना. पोरगं रडायचं थांबलं. त्यानं एकदा नीट पाहिलं आणि मग आपल्या इवल्याशा पंजानं एका फटक्यात सगळं पुसून टाकलं. पुसल्या जागेतून मला बाई स्वच्छ दिसल्या. त्या हसत होत्या. दात दिसेपर्यंत, मान मागं टाकून, आवाज काचेबाहेर येत नव्हता तरी खदाखदा हसत होत्या. बस हलली. मी त्यांना हसताना कधी पाहिलंच नव्हतं, हे मला त्या वेळी पहिल्यांदा कळलं.